एमएस्सी अर्धी झाली, विद्यापीठ बदलायचंय: क्रेडिट्स सोबत नेता येतात का?

मनस्वी_के

नमस्कार मंडळी. संख्याशास्त्रात एमएस्सी करते आहे. पहिलं वर्ष झालं, दोन्ही सत्रांतले सगळे विषय सुटलेत, गुणही बरे आहेत. नवऱ्याची बदली दुसऱ्या राज्यात झाल्यामुळे दुसरं वर्ष इथे करणं जमेलसं दिसत नाही. डोक्यात दोन पर्याय आहेत. एक, तिकडच्या विद्यापीठात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा. दुसरा, परदेशात मास्टर्सला अर्ज करायचा, जे तसंही मनात होतंच.

कॉलेजात विचारलं तर एक सर म्हणाले, "आता एबीसी, म्हणजे क्रेडिट्सचं ऑनलाइन खातं, आलंय, सगळं आपोआप होतं." ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "असलं काही नसतं, पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल." दोघेही तितक्याच खात्रीने बोलत होते.

कोणी प्रत्यक्ष केलंय का? गुण सोबत येतात का? दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचं काय होतं? आणि मुळात एवढी खटपट करण्यात अर्थ आहे का?

उंबरठा

वाचतोय. भाचीचंही असंच काहीसं अडकलंय.

गमत्या

क्रेडिट कार्डाची थकबाकी आमच्याकडे वळवा म्हणून बँका रोज फोन करतात. अभ्यासाची क्रेडिट्स वळवून घ्यायला मात्र एकाही विद्यापीठाचा फोन येत नाही. जाणकार येतीलच, मी पहिल्या रांगेत बसलोय.

खडूमास्तर

मनस्वी, माझी सगळी नोकरी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात झाली, म्हणून कागदाच्या बाजूने सांगतो.

तुझ्या सरांचेही पूर्ण बरोबर नाही आणि त्या बाईंचेही नाही. एबीसीचे, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, विनियम यूजीसीने जुलै २०२१ मध्ये काढले. खाते डिजिलॉकरमधून तुझ्या नावाने उघडते, पण त्यात क्रेडिट्स जमा करण्याचा अधिकार फक्त संस्थेला आहे. तू स्वतः गुणपत्रिका चढवून काही होत नाही. तेव्हा पहिले काम हे की खात्यात शिरून दोन्ही सत्रांची नोंद दिसते का ते पाहा. पुष्कळ ठिकाणी पहिल्या सत्राची दिसते आणि दुसऱ्याची निकालानंतर कितीतरी दिवस दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा. एबीसीमुळे तुझी क्रेडिट्स खरी आहेत, इतकी आहेत आणि ती अजून कुठल्या पदवीसाठी वापरलेली नाहीत, हे नव्या विद्यापीठाला खात्रीने कळते. पण तेवढ्याने जागा मिळत नाही. दुसऱ्या वर्षात जागा रिकामी आहे का, तुझे विषय त्यांच्या विषयांशी जुळतात का, हे ठरवणे त्यांच्याच हातात राहते.

विनियमात आणखी एक अट आहे. ज्या संस्थेची पदवी घ्यायची तिथे किमान ५० टक्के क्रेडिट्स मिळवावी लागतात. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याप्रमाणे वर्षाला ४० धरली तर दोन वर्षांची ८०, म्हणजे ४० नव्या ठिकाणी हवीतच. तू बरोबर मध्यावर आहेस, म्हणून हिशेब बसतो. तिसरे सत्र संपवून गेली असतीस तर एका सत्राचे काम वाया गेले असते.

प्रा_अनघा

खडूमास्तरांनी कागदाची बाजू नेमकी सांगितली. मी संख्याशास्त्रच शिकवते आणि आमच्या विभागाच्या समकक्षता समितीवर आहे, तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते लिहिते.

अर्ज आला की विषयाचं नाव आम्ही सगळ्यात शेवटी बघतो. आधी अभ्यासक्रमाची प्रत उघडायची. परवाचंच उदाहरण. विद्यार्थ्याकडे 'लिनियर मॉडेल्स' नावाचा चार क्रेडिट्सचा विषय होता आणि आमच्याकडेही त्याच नावाचा तेवढ्याच क्रेडिट्सचा आहे. त्याला वाटलं प्रश्नच नाही. आमच्या विषयात एस्टिमेबिलिटी, गॉस-मार्कोव्ह प्रमेय, जनरल लिनियर हायपोथेसिसची चाचणी असा सगळा सिद्धतांचा भाग आहे. त्याच्या अभ्यासक्रमातली चारपैकी तीन युनिट्स रिग्रेशनच्या वापरावर होती: रेसिड्युअल्सचे आलेख, मल्टिकोलिनिअ‍ॅरिटी, लॉजिस्टिक रिग्रेशन. तोही चांगला विषय आहे, पण वेगळा आहे. आम्ही त्याला तो ऐच्छिक म्हणून मान्य केला आणि 'लिनियर मॉडेल्स' करायला सांगितला.

उलटही होतं. एका मुलीच्या विषयाचं नाव 'प्रगत संख्याशास्त्र - १' असं काहीही बोध न होणारं होतं. आत सिग्मा-फील्डपासून सुरू होऊन कन्व्हर्जन्सचे प्रकार, सेंट्रल लिमिट थिअरमपर्यंत सगळं होतं. म्हणजे आमचा 'प्रॉबॅबिलिटी थिअरी' जवळजवळ शब्दशः. लगेच मान्य.

त्यामुळे मनस्वी, गुणपत्रिकेवर विसंबू नकोस. प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, तासांची संख्या, मूल्यमापनाची पद्धत आणि मिळाल्या तर प्रश्नपत्रिका जमव. एक तक्ता कर. डावीकडे त्यांच्या विषयातली प्रकरणं, उजवीकडे तू ती कुठल्या विषयात, कुठल्या युनिटमध्ये शिकलीस. असा तक्ता जोडलेला अर्ज आला की आमचं निम्मं काम झालेलं असतं, आणि खरं सांगायचं तर अर्जदाराबद्दलचं मतही चांगलं होतं.

उंबरठा

तक्त्याची युक्ती झकास आहे ताई. भाचीला पाठवली.

दूरदेशी

अमेरिकेची बाजू लिहितो. इथे मास्टर्स करून त्याच शाखेत पीएचडी केली, आता विद्यापीठातच आहे.

आधी एक गोंधळ मिटवू. इथे भारतीय विद्यार्थी 'ट्रान्स्फर' म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा त्यांना आय-२० ची (विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या कागदाची) ट्रान्स्फर म्हणायची असते, म्हणजे सेव्हिस या सरकारी प्रणालीतली विद्यार्थ्याची नोंद एका विद्यापीठाकडून दुसऱ्याकडे जाणं. तो व्हिसाचा विषय आहे. ती झाली म्हणून क्रेडिट्स गेली असं मुळीच नाही. दोन्हीचे अर्ज वेगळे, दोन्हीची ऑफिसं वेगळी.

क्रेडिट्सबद्दल बोलायचं तर बॅचलर्स आणि मास्टर्सच्या नियमांत फार अंतर आहे. बॅचलर्सला निम्म्याहून जास्त क्रेडिट्स आणणारेही असतात. मास्टर्स साधारण ३० ते ३६ क्रेडिट्सचं असतं आणि त्यात बाहेरून बहुतेक ठिकाणी ६ ते १२ च चालतात. अटी साधारण सारख्या असतात: विषय पदव्युत्तर पातळीचा हवा, किमान बी ग्रेड हवी, नुसतं 'पास' चालत नाही, आणि तो विषय आधीच्या एखाद्या पदवीसाठी मोजलेला नसावा. विषय ५ ते ७ वर्षांपेक्षा जुना असेल तरी अडतं. गुण येत नाहीत, फक्त क्रेडिट येतं. जीपीए कोरा, नव्याने सुरू.

प्रवेशाच्या वेळी कोणी शब्द देत नाही. बऱ्याच ठिकाणी आधी प्रवेश, मग एक सत्र नीट पार पाडायचं, मग सल्लागार प्राध्यापकांच्या सहीने अर्ज, असा क्रम असतो.

राईनकाठी

@दूरदेशी, 'आधीच्या पदवीसाठी मोजलेला नसावा' हे ठळक करायला हवं. कितीतरी जण भारतातली पूर्ण झालेली एमएस्सी घेऊन येतात आणि तिचे विषय इथल्या मास्टर्समध्ये धरा म्हणतात. मनस्वीची पदवी अपूर्ण आहे, हे तिच्या पथ्यावरच पडणार आहे.

जर्मनीत मला जे दिसलं ते थोडं निराळं आहे. युरोपात ईसीटीएस चालतं: वर्षाला ६० क्रेडिट्स आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम, त्यात व्याख्यान, स्वतःचा अभ्यास, परीक्षा सगळं आलं. मान्यतेचं तत्त्व १९९७ च्या लिस्बन करारातून आलंय. दोन विषय तंतोतंत सारखे असायची गरज नाही, 'ठळक फरक' नसला की मान्य करायचं. आणि फरक आहे हे दाखवायची जबाबदारी विद्यापीठाची, विद्यार्थ्याची नाही. जर्मनीतल्या बऱ्याच राज्यांच्या उच्चशिक्षण कायद्यांतही हे उतरलेलं आहे. त्यामुळे नकार आला तर कारण मागता येतं. कागद पुरवायचं काम मात्र तुझंच, तिथे सवलत नाही.

अर्ज त्या विभागाच्या परीक्षा समितीकडे जातो. ३० च्या आसपास ईसीटीएस मान्य झाली तर एक सत्र पुढे बसवतात.

गुण इथे बऱ्याचदा रूपांतरित करून घेतात. सूत्र असं: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल वजा उत्तीर्णतेच्या किमान गुणांनी भागा, ३ ने गुणा, त्यात १ मिळवा. १० पैकी ८.५ असतील आणि पास ४ ला असेल तर १.५ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.७५. इथे १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास, तेव्हा १.७५ छान आहे.

बंडखोर

सगळं वाचलं आणि मनस्तापच झाला. मूळ प्रश्न कोणी विचारतच नाहीये. मुलीने वर्षभर अभ्यास केला, फी भरली, परीक्षा दिली, पास झाली. ते शिक्षण तिचं आहे. मग दुसऱ्या विद्यापीठाने 'आम्हाला मान्य नाही' म्हणायचा अधिकार कुठून आला? दोन्ही यूजीसीमान्य, दोन्हीकडे एकच विषय, आणि तरी तिने तक्ते करत बसायचं? राईनकाठींनी सांगितलेली युरोपातली पद्धत मला न्याय्य वाटते. फरक आहे म्हणणाऱ्याने तो सिद्ध करावा.

आणि ती ५-७ वर्षांची मुदत! गॉस-मार्कोव्ह प्रमेय सात वर्षांत शिळं होतं का?

प्रा_अनघा

@बंडखोर, प्रमेय शिळं होत नाही, ते सोडवणाऱ्याचा हात सुटतो. सहा-सात वर्षं विषयाला न शिवलेला विद्यार्थी थेट पुढच्या विषयात बसला तर पहिल्या महिन्यात त्याचे काय हाल होतात ते मी पाहिलंय. म्हणून काही विद्यापीठं जुन्या विषयाची एक परीक्षा घेऊन तो पुन्हा ग्राह्य धरतात. ती वाट मला सगळ्यात रास्त वाटते.

अधिकाराचं म्हणाल तर पदवीवर आमच्या विद्यापीठाचं नाव असतं. मुलाखतीत 'तुम्ही यांच्याकडून इन्फरन्स शिकलात ना?' असं विचारलं जातं तेव्हा त्या उत्तराची जबाबदारी आम्ही घेतलेली असते. बाहेरचा विषय डोळे झाकून घेतला तर तोट्यात विद्यार्थीच राहतो, कारण पुढचे विषय त्या पायावरच उभे असतात.

तरी तुमचा अर्धा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. नकार देताना कारण लेखी द्यायला हवं, आणि निर्णय प्रवेशाआधी मिळायला हवा. आज बहुतेक ठिकाणी विद्यार्थी फी भरून बसतो आणि मग त्याला कळतं की सहापैकी तीनच विषय मान्य झाले. हे अन्यायाचंच आहे, आणि आमच्या समितीत मी हे दर वर्षी मांडते.

बंडखोर

मॅडम, 'निर्णय प्रवेशाआधी' एवढं झालं तरी माझं भांडण निम्मं संपेल. बाकी निम्मं राखून ठेवतो.

वैदेही_स

ब्रिटनमध्ये मास्टर्स १८० क्रेडिट्सचं असतं, त्यांचे दोन म्हणजे ईसीटीएसचं एक. साधारण ६० क्रेडिट्स शेवटच्या प्रबंधाची असतात आणि ती बाहेरून आणता येत नाहीत असंच धरून चालावं. ६० झाल्यावर पीजी सर्टिफिकेट, १२० झाल्यावर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं.

यात एक सापळा आहे. मैत्रिणीने एका विद्यापीठात १२० क्रेडिट्स केली, घरच्या अडचणीमुळे सोडावं लागलं, आणि 'हातात काहीतरी असू दे' म्हणून डिप्लोमा घेतला. पुढे दुसरीकडे मास्टर्स पूर्ण करायला गेली तर म्हणाले, ही क्रेडिट्स एका पदविकेत वापरली गेली आहेत. काही विद्यापीठं जुनी पदविका परत घेऊन क्रेडिट्स धरतात, काही अजिबात धरत नाहीत. तिला तिसऱ्या ठिकाणी जावं लागलं.

मनस्वी, भारतातही आता एका वर्षानंतर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आली आहे ना? कॉलेज सोडताना कोणी तो फॉर्म पुढे केला तर लगेच सही करू नकोस. आधी नव्या विद्यापीठाला विचार.

खडूमास्तर

वैदेहीताईंचा मुद्दा सोन्यासारखा आहे. एबीसीतही हेच तत्त्व आहे. एका प्रमाणपत्रासाठी, पदविकेसाठी वापरलेली क्रेडिट्स खात्यातून वजा होतात. न वापरलेली जास्तीत जास्त सात वर्षे राहतात.

गमत्या

म्हणजे बॅलन्स शिल्लक ठेवायचा. हे मला समजलं.

सुहास_प

अवांतर होईल, पण स्वयमचा, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाचा, उल्लेख अजून कोणी केला नाही. यूजीसीच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करता येतात, आधी ही मर्यादा २० टक्के होती. मी नोकरी करत एमए केलं तेव्हा दोन ऐच्छिक विषय असेच केले. पण सत्र सुरू व्हायच्या आधी विभागाकडून 'हा विषय आम्ही धरू' असं लेखी घ्यावं लागतं, आणि केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. नुसते व्हिडिओ पाहून क्रेडिट मिळत नाही.

मनस्वी, नव्या ठिकाणी एखादा विषय कमी पडला तर अशा वाटेने भरून काढता येतो का ते विचारून बघ.

दूरदेशी

सुहास, अवांतर कसलं, कामाचंच आहे. इथेही नियम हाच: विषय करायच्या आधी परवानगी. करून मग विचारलं की उत्तर बहुधा 'पाहू' असतं.

मनस्वीने विचारलं होतं की खटपटीत अर्थ आहे का. माझं मत स्पष्ट आहे: सगळं आणण्याच्या मागे लागू नये. परदेशात पीएचडीचा विचार असेल तर पायाभूत विषय नव्या ठिकाणी पुन्हा करावेत. कारण पात्रता परीक्षा तिथल्याच प्राध्यापकांनी, तिथल्याच विषयांवर काढलेली असते. आमच्या विभागात प्रॉबॅबिलिटी आणि इन्फरन्स बाहेरून आणलेल्यांना ती परीक्षा जड गेलेली मी पाहिली आहे, आणि ही मुलं हुशार होती. क्रेडिट्स आणायचीच असतील तर ऐच्छिक विषयांची आणावीत.

एक मधला मार्गही आहे. तो विषय करण्यातून सूट मागायची, क्रेडिट मागायचं नाही. मग त्या जागी तुम्ही पुढचा, तुम्हाला हवा तो विषय घेता. एकूण क्रेडिट्स तितकीच करावी लागतात, पण जे येतं तेच पुन्हा ऐकत बसावं लागत नाही. ही सूट मिळणं क्रेडिट मिळण्यापेक्षा खूप सोपं, कारण ती बहुधा विभागातच ठरते.

आणि पैशांचा हिशेब नीट करा. फी क्रेडिटमागे असेल तर तीन विषय आणल्याने खरंच बचत होते. फी सत्रामागे असेल आणि सत्र कमी होत नसेल तर एक पैसा वाचत नाही. विषय कमी झाल्यामुळे एखाद्या सत्रात पूर्णवेळ विद्यार्थ्याला लागणारी क्रेडिट्स भरली नाहीत, तर व्हिसा आणि असिस्टंटशिप दोन्ही अडचणीत येतात. हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी विचारावं.

रानवारा

दूरदेशींच्या यादीत एक भर. अमेरिकेत काही विद्यापीठं सेमिस्टरवर चालतात, काही क्वार्टरवर. क्वार्टरची ४ क्रेडिट्स सेमिस्टरची २.६७ होतात. माझा विषय शंभर टक्के जुळत होता, प्राध्यापकांनी मान्यही केला, पण गरज ३ क्रेडिट्सची होती. उरलेल्या ०.३३ साठी मला एका क्रेडिटचा स्वतंत्र अभ्यास घ्यावा लागला. तो मात्र इतका रंगला की पुढे प्रबंध त्याच विषयावर झाला.

गमत्या

०.३३ मधून प्रबंध. मानलं!

राईनकाठी

मनस्वी, सविस्तर अभ्यासक्रम आत्ताच, कॉलेजात असतानाच मिळव. अभ्यासक्रम बदलला की विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून जुनी प्रत गायब होते. मी इथून जुन्या विभागाला किती पत्रं लिहिली! शेवटी एका वर्गमित्राने ग्रंथालयात जाऊन झेरॉक्स काढली, विभागप्रमुखांकडून पानापानावर शिक्का आणि सही घेतली, लिफाफा बंद करून त्याच्या चिकटपट्टीवर आडवा शिक्का मारून घेतला आणि पाठवला. त्या शिक्क्याची अर्धी शाई लिफाफ्याच्या तोंडावर आणि अर्धी पाकिटावर आहे की नाही, हे इथल्या बाईंनी खरोखर निरखून पाहिलं.

प्रा_अनघा

आणि त्या प्रतीवर शैक्षणिक वर्ष छापलेलं असू दे. मागच्या वर्षीची प्रत जोडून अर्ज येतात आणि विषयांचे सांकेतांक गुणपत्रिकेशी जुळत नाहीत.

मनस्वी_के

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडे दिवस गायब होते कारण तुम्ही सांगितलेलंच करत होते.

तिकडच्या विद्यापीठाच्या विभागप्रमुखांना तक्त्यासह ईमेल पाठवली. उत्तर आलं, आणि चांगलं आलं. दुसऱ्या वर्षात जागा आहेत. पहिल्या वर्षाच्या दहापैकी सात विषय जसेच्या तसे धरायला ते तयार आहेत. सॅम्पलिंगमध्ये आमच्याकडे एक युनिट कमी आहे, त्यासाठी एक छोटी परीक्षा घेतील. 'लिनियर मॉडेल्स' माझा चक्क मान्य झाला (अनघाताई, हे वाचून मी जोरात ओरडले), पण आमच्या दोन ऐच्छिक विषयांना त्यांच्याकडे जोडच नाही. ते दोन मला तिसऱ्या सत्रात जास्तीचे घ्यावे लागतील. प्रकल्प पूर्ण तिथेच, तिथल्या मार्गदर्शकाकडे. मला तेच हवं होतं.

बंडखोर, तुमच्यासाठी खास: हे सगळं त्यांनी प्रवेशाआधी, लेखी कळवलंय.

दूरदेशींचं वाचल्यावर परदेशाचा विचार आता पदवी पूर्ण करूनच करायचा असं ठरवलंय. अर्धी पदवी घेऊन जाण्यात क्रेडिट्स वाचतील, पण मला प्रॉबॅबिलिटी पुन्हा एकदा नीट शिकायला मिळाली तर आवडेलच.

बंडखोर

अभिनंदन! त्या विभागप्रमुखांना माझा नमस्कार सांगा. राखून ठेवलेलं निम्मं भांडण त्यांच्यासाठी माफ. त्या दोन ऐच्छिक विषयांचं मात्र वाईट वाटतं. केलेलं काम कुठे तरी मोजलं जायलाच हवं.

प्रा_अनघा

शाब्बास मनस्वी! ते दोन विषय गुणपत्रिकेवर आणि एबीसीच्या खात्यात राहतीलच. पदवीच्या हिशेबात नाहीत, तरी पुढे अर्ज करताना उल्लेख जरूर कर.

खडूमास्तर

आता क्रम सांभाळ. आधी ट्रान्स्क्रिप्ट आणि शिक्क्यांचे अभ्यासक्रम, मग एबीसीत दोन्ही सत्रांची नोंद झाल्याची खात्री, मग तिकडे प्रवेश पक्का झाल्याचे पत्र, आणि सगळ्यात शेवटी इथला प्रवेश रद्द करून मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ सोडल्याचा दाखला. मायग्रेशन आधी काढून बसलेली मुले मी पाहिली आहेत. इकडचा प्रवेश गेलेला आणि तिकडचा झालेला नाही, अशी स्थिती होते. तिकडचे विद्यापीठ पात्रता प्रमाणपत्र मागेल, त्याची मुदतही विचारून ठेव.

उंबरठा

मास्तर, माझंही विचारून घेतो. भाचीने एमएस्सीचं पहिलं वर्ष २०२०-२१ मध्ये केलं, मग बाळंतपणामुळे थांबली. तिच्या एबीसी खात्यात काहीच दिसत नाही. कॉलेज म्हणतं नोंद होणार नाही. खरं आहे का?

खडूमास्तर

दुर्दैवाने खरे असावे. एबीसीत २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून मिळवलेली क्रेडिट्स धरली जातात. पण म्हणून वाट बंद होत नाही. एबीसी यायच्या आधीही मुले विद्यापीठे बदलत होतीच, समकक्षता समितीमार्फत. तिला त्याच विद्यापीठात पुढे करायचे असेल तर आधी पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत किती ते अध्यादेशात पाहावे, बऱ्याचदा त्यात वाढीव मुदतीची तरतूद असते. दुसरीकडे जायचे असेल तर मूळ गुणपत्रिका, तेव्हाचा अभ्यासक्रम आणि अनघाताईंनी सांगितलेला तो तक्ता. तिचा विषय कोणता?

उंबरठा

रसायनशास्त्र. सेंद्रिय.

प्रा_अनघा

मग प्रात्यक्षिकांची वही जपून ठेवलीय का विचारा. रसायनशास्त्राच्या समितीत ती मागतातच, आणि प्रत्येक प्रयोगावर शिक्षकांची सही हवी.

उंबरठा

आत्ताच फोन केला. माळ्यावर आहे म्हणते, शोधतेय.